सोनमोहराची सुनावणी

सहदेव परब आमच्या सोनमोहराशी काहीतरी करतोय, हे माझ्या लक्षात आलं जानेवारीतल्या एका रविवारी. सकाळचे पावणेसात झाले होते. मी पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत चहा घेऊन उभी होते आणि खाली गेटाबाहेरच्या फुटपाथवर हा माणूस झाडाच्या खोडाला दोरी बांधत होता. दोरीच्या टोकाला पितळेचा ओळंबा होता, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला लोंबता सोडतात तसला. ओळंबा हलायचा थांबेपर्यंत तो थांबला, वाकून पट्टीने काहीतरी मोजलं, खिशातून वही काढून लिहिलं, दोरी सोडली, इकडेतिकडे बघितलं आणि आत आला.

त्या इकडेतिकडे बघण्यातच मी ओळखलं, कुठेतरी पाणी मुरतंय. सरळ काम करणारा माणूस इकडेतिकडे बघत नाही.

मी मालन इंगळे. वांद्र्याच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर मी चौतीस वर्षं काढली. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का, तारीख आणि क्रमांक, मग तो साहेबांचा असो की शिपायाच्या मेव्हण्याचा. त्या टेबलाने मला एक गोष्ट शिकवली. माणसं खोटं बोलतात, कागदही कधीकधी खोटं बोलतो, पण कागद नंतर शब्द फिरवत नाही. म्हणून माझा भरवसा कागदावर.

तो सोनमोहर चंद्रप्रकाशने लावला होता. चंद्रप्रकाश माझा नवरा. चौऱ्याण्णव साली, चौदा एप्रिलच्या सकाळी, विहारातून आल्यावर पांढऱ्या सदऱ्यावरच त्याने गेटाबाहेर खड्डा खणला. तेव्हा मरोळचा आमचा रस्ता मुरमाचा होता आणि सोसायटी नवी. आता झाड तीन मजले उंच, आणि त्याची एक जाडजूड फांदी वॉल कंपाउंडवरून आत येऊन थेट माझ्या खिडकीशी टेकते. एप्रिल-मे महिन्यात खिडकीच्या कट्ट्यावर पिवळ्या फुलांचा थर साचतो. मी तो झाडत नाही. चंद्रप्रकाश जाऊन नऊ वर्षं झाली. त्याचे कपडे मी वाटले, स्कूटर विकली, पुस्तकं विहाराच्या वाचनालयाला दिली. झाड राहिलं. ते गेलं तर माझ्याकडे त्याचं काही उरणार नाही, ही भीती मी कुणाला सांगितली नव्हती, पण होती, रोज होती.

म्हणून मी नियम पाठ केले. रस्त्यावरचं झाड पालिकेचं. त्याला खिळा ठोकायचा नाही, बोर्ड लटकवायचा नाही, दिव्यांच्या माळा गुंडाळायच्या नाहीत. बुंध्याशी काँक्रीट ओतायचं नाही, चारी बाजूंनी मीटरभर माती मोकळी ठेवायची. आमच्या सोनमोहराभोवती पेव्हर ब्लॉक बसवले होते, ते मी चौदा पत्रं पाठवून काढायला लावले. सोसायटीतले लोक हसले. हसू देत, माती मोकळी झाली ना.

आणि परबावर माझा संशय काही हवेतून आलेला नव्हता. परब आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. मूळ मालवणकडचा, बाप गिरणीत, हा स्वतः मरोळच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर म्हणून निवृत्त झालेला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलाने, सुबोधने, गाडी घेतली. त्याच वर्षीच्या सर्वसाधारण सभेत परब उठला आणि म्हणाला, "गेट जरा रुंद केला तर बरा. झाड आड येता." मी जागच्या जागी उभी राहिले आणि जे बोलायचं ते बोलले. ते इतिवृत्तात आहे, कारण मीच ते नोंदवायला लावलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. जिन्यात समोरासमोर आलो की तो भिंतीला चिकटून वाट देतो आणि मी आभार मानत नाही.

शिवाय मरोळच्या दुसऱ्या टोकाला एका दुकानासमोरचं जांभळाचं झाड भर श्रावणात वाळून गेलं होतं. बुंध्यात भोकं पाडून कुणीतरी आत काहीतरी ओतलं होतं. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर दूध मरोळमध्येच उतू गेलं होतं.

त्या रविवारी परब आत गेल्यावर मी खाली उतरले. खोडाभोवती फिरले, बोटं फिरवली, वास घेतला. भोक नव्हतं, ओल नव्हती. जिथे दोरी बांधली होती तिथे जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळलेली होती. दोरीचा वळ उठू नये, म्हणजे मागे पुरावा राहू नये, असा मी त्याचा अर्थ लावला. घरी येऊन नवी वही काढली आणि पहिली नोंद केली: सहदेव परब, सकाळी ६.४५, झाडाजवळ अकरा मिनिटं, सोबत ओळंबा व वही.

त्यानंतर दर रविवारी तो येत राहिला आणि मी नोंद करत राहिले. तो त्याच्या वहीत लिहायचा, मी माझ्या.

संघमित्रा, माझी मुलगी, बोरिवलीला असते. फोनवर तिला सांगितलं तर म्हणाली, "आई, सरळ विचार ना त्यांना. काका, काय मोजताय?"

"विचारलं की माणूस सावध होतो."

"आणि नाही विचारलं की तू वेडी होतेस. यार, पाच मिनिटांचं काम आहे."

मी विषय बदलला. नव्या पिढीला सगळं पाच मिनिटांचं वाटतं.

मार्च महिन्यात झाडावर नोटीस लागली. सुतळीने बांधलेली, नियमाप्रमाणे, खिळा न ठोकता. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या अर्जावरून सदर वृक्षाची मोठी फांदी उतरवण्याचे योजिले आहे, कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. सोबत नकाशा होता, आणि त्यावर जी फांदी लाल रंगात दाखवली होती ती नेमकी माझ्या खिडकीवरची होती. आता कळलं तो काय मोजत होता. आधी फांदी, मग दुसरी फांदी, मग झाड बोडकं झालंय म्हणून धोकादायक, मग गेट रुंद. हा सगळा जिना मला एका नजरेत दिसला.

तिसऱ्या दिवशी मी हरकत नोंदवली. चार पानं, सोबत माझ्या वहीच्या झेरॉक्स. हरकत आली की सुनावणी होईपर्यंत फांदीला हात लावता येत नाही. सुनावणीची तारीख मिळाली सत्तावीस मे. त्याआधीची तारीख देता येईल, अर्जदार आणि हरकतदार दोघांनी मिळून मागितली तर, असं वॉर्ड ऑफिसातल्या मुलीने सांगितलं. मी म्हटलं, मला घाई नाही. दार लावून घेतल्यासारखं बरं वाटलं त्या दिवशी.

मग परब माझ्या दाराशी येऊ लागला. पहिल्यांदा आला तेव्हा मी सेफ्टी डोअर उघडलं नाही.

"वैनी, जरा झाडाचा बोलूचा होता."

"सुनावणीत बोला."

दुसऱ्यांदा आला. "वैनी, दोन मिन्टां ऐकून घेवा. वेळ कमी आसा."

"वेळ कमी कुणाला आहे ते मला ठाऊक आहे," मी म्हटलं. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि गेला. चोराच्या मनात चांदणं, असं मी त्या दिवशी वहीत लिहिलं. आज ते पान वाचवत नाही.

तिसऱ्यांदा मी त्याला पुरतं तोंड उघडूच दिलं नाही. "जे काय सांगायचं असेल ते लेखी द्या," म्हटलं आणि आतलं दार लोटलं.

त्याने लेखी दिलं. सहा एप्रिलला दाराखालून एक पाकीट आत सरकलं, खाकी, चिकटवलेलं, वर माझं नाव. मी त्यावर तारखेचा शिक्का मारला (माझा स्वतःचा शिक्का आहे, निवृत्तीच्या वेळी टेबलावरच्यांनी भेट दिलेला), आवक क्रमांक सत्तेचाळीस टाकला आणि तसंच फाइलमध्ये लावलं. उघडलं नाही.

का उघडलं नाही, हे मला आजवर दहा जणांनी विचारलंय. ऑफिसात एकदा एका प्रकरणात समोरच्या पार्टीचं पाकीट आमच्या टेबलावर उघडलं गेलं, आणि सुनावणीत ती पार्टी म्हणाली, आतले कागद बदलले. माझ्यावर सहा महिने चौकशी चालली. त्या वेळी चंद्रप्रकाश रोज संध्याकाळी मला न्यायला वांद्र्याला यायचा, कारण मी एकटी निघाले की स्टेशनच्या वाटेवर रडायला लागायचे. तेव्हापासून माझा नियम होता: समोरच्या पार्टीचं पाकीट अधिकाऱ्यासमोरच उघडायचं. आणि मला खात्री होती, त्यात एकतर धमकी असणार नाहीतर लालूच. दोन्ही पुराव्याला उपयोगी. मी पाकीट जपून ठेवलं, अगदी दागिना जपावा तसं.

एप्रिल गेला. झाड नेहमीसारखं फुललं, कट्टा पिवळा झाला. परब रविवारी येतच होता, आता तर बुधवारीही येऊ लागला. एकदा त्याने मान वर करून माझ्या खिडकीकडे बघितलं. मी पडद्यामागे सरकले.

सत्तावीस मेला अंधेरीच्या वॉर्ड ऑफिसात सुनावणी झाली. टेबलापलीकडे गंधाली म्हणून तिशीतली अधिकारी होती, झाडांचं शिक्षण घेतलेली, बोलायला स्पष्ट. परब इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारच्या खुर्चीवर अवघडून बसला होता. मी माझी बाजू मांडली. मग पाकीट टेबलावर ठेवलं.

"हे अर्जदाराने मला खाजगीत दिलं. मी ते मुद्दाम सीलबंद ठेवलं आहे. तुमच्यासमोर उघडावं अशी विनंती."

परबाने पाकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

गंधालीने पाकीट फाडलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. ते पत्र आता मला पाठ आहे.

"मालनवैनी यांस, नमस्कार. नोव्हेंबरात तुम्ही भाचीच्या लग्नाला अकोल्यास गेला होता तेव्हा केबल टाकणाऱ्यांनी रस्त्याच्या बाजूने चर खणला. तुम्ही मोकळी करून घेतलेली मीटरभर माती सोडून त्याच्या लगेच पलीकडे. सोनमोहराची तीन मुळं त्यांनी कापली. मी बाजारातून येईपर्यंत चर बुजवून झाला होता. मुळांचे तुकडे मी पाहिले, मनगटापेक्षा जाड होते. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर आहे. जानेवारीपासून ओळंबा लावून बघतो. झाड तुमच्या खिडकीच्या बाजूला पाच सूत कललं आहे. तिकडचीच फांदी जड आहे. ती उतरवली तर झाड तोल धरील. आमच्या गावी फणस कलला की असंच करतात. मी सभेत गेटाबद्दल बोललो ते चुकलंच. पण झाड चंद्रप्रकाशभाऊंचं आहे, तुमच्या नावाशिवाय अर्ज करणं मला बरं वाटलं नाही, तुम्ही बोलत नाही म्हणून करावा लागला. नियम तुम्हाला कळतात. अर्जात चूक असेल तर सुधारून तुमची सही करा आणि तारीख लवकरची मागू. पावसाआधी व्हायला हवं. आपला, सहदेव परब."

मागे एक पान जोडलेलं होतं. तारखा आणि पुढे आकडे. दोन सूत, अडीच सूत, तीन. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, कारखान्यातलं माप.

गंधालीने पान खाली ठेवलं. "इंगळे मॅडम, हे तुम्हाला एप्रिलमध्ये मिळालं होतं?"

"हो," मी म्हटलं. "आवक क्रमांक सत्तेचाळीस."

ते बोलताना मला माझ्याच आवाजाची लाज वाटली. चौतीस वर्षांत इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, चौकशी चालू असतानाही नाही.

मी तिथल्या तिथे हरकत मागे घेतली. गंधालीने त्याच बैठकीत परवानगी लिहून दिली, पण पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीची यादी भरलेली होती, शिडीची गाडी एकच. सगळं पुढेमागे करून तिने पाच जूनचा गुरुवार काढून दिला. मी हात जोडले. कुणापुढे हात जोडायची मला सवय नाही.

परतीच्या रिक्षात आम्ही एकत्र बसलो होतो. मी म्हटलं, "परब, मी तुमच्यावर..." आणि पुढचं वाक्य काही येईना.

"रवांदे," परब म्हणाले. "आता झाडाचा बघूया."

रविवारी मी त्यांच्याबरोबर खाली उतरले. त्यांनी ओळंबा सोडला, मी पट्टी धरली. साडेनऊ सूत. त्यांनी दोनदा मोजलं, मग मला मोजायला सांगितलं. आकडा बदलला नाही. त्यांनी वहीत लिहिलं आणि वही मिटली. त्याच दिवशी त्यांनी झाडाखाली दोरी लावून फुटपाथचा तुकडा अडवला, तिथल्या दोन स्कूटर हलवायला लावल्या, आणि सुबोधने गाडी आणली तेव्हा त्याला ओरडून मागच्या गल्लीत पाठवलं. मला म्हणाले, "वैनी, चार दिवस त्या खोलीत जाव नकात."

मी गेले नाही. स्वयंपाकघरात बसून राहिले. खिडकीच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि सोमवारी वॉर्ड ऑफिसला चार फोन केले. शिडीची गाडी मुलुंडला गेली होती की कुठे, पण मोकळी नव्हती. खोटं का बोलतील ते? चौतीस वर्षांत पहिल्यांदा समोरच्यावर मी संशय घेतला नाही, आणि त्याने काही फरक पडला नाही.

झाड पडलं मंगळवारी दुपारी. ना पाऊस, ना वारा. आधी जमिनीतून घसा खाकरल्यासारखा आवाज आला, मग वॉल कंपाउंड फुटल्याचा, मग माझ्या बंद दारापलीकडे ग्रिल वाकल्याचा. मी दार उघडलं तेव्हा खोलीत पानं होती, काचा होत्या आणि शेवटच्या बहरातली पिवळी फुलं, पलंगावर सुद्धा. मी खाली गेले. कुणाला काही लागलं नव्हतं. दोरी होती म्हणून तिथे कुणी नव्हतंच. रस्त्याच्या बाजूला माती वर आली होती आणि त्यात तीन मुळांची तोंडं दिसत होती, सरळ कापलेली, काळी पडलेली. मी खोडापाशी बसले आणि सगळ्यांसमोर मोठ्याने रडले. नऊ वर्षांपूर्वी रडले होते तशीच.

संध्याकाळी गंधाली पंचनाम्याला आली. छापील फॉर्म होता. झाडाची जात, घेर, क्रमांक. पडण्याचं कारण तिने मुळांची तोंडं बघून स्वतःच लिहिलं, चर खणताना मुळे कापल्यामुळे, आणि केबलवाल्यांची चौकशी होईल म्हणाली. मग पुढच्या रकान्यावर पेन थांबलं. छाटणीचा अर्ज मार्चचा, विलंबाचं कारण काय?

मी तोंड उघडायच्या आत परब बोलले. "माझ्या अर्जात चूक होती, मॅडम. दुरुस्तीत वेळ गेला. तसाच लिवा."

गंधालीने माझ्याकडे बघितलं. तिला खरं काय ते माहीत होतं, सुनावणी तिच्यासमोरच झाली होती. पण पंच जे सांगतील ते तिने लिहायचं. फक्त गप्प राहायचं होतं मला. परब जमिनीकडे बघत उभे होते, शर्टाला माती लागलेली.

"त्यांच्या अर्जात चूक नव्हती," मी म्हटलं. "त्यांचं पत्र माझ्याकडे होतं. एकावन्न दिवस. मी उघडलं नाही."

"मॅडम, एवढं लिहायला रकान्यात जागा नाही."

"मग मागे लिहू द्या."

तिने फॉर्म उलटा करून माझ्या हातात दिला. मी पडलेल्या खोडावर कागद ठेवून लिहिलं. पत्र मिळाल्याची तारीख, आवक क्रमांक, वेळीच उघडलं असतं तर फांदी एप्रिलमध्ये उतरली असती हे, आणि अर्जदार सहदेव परब यांच्यावर मी विनाकारण संशय घेतला हेही. खाली माझी सही केली, तारीख घातली आणि साक्षीदार म्हणून कागद परबांपुढे धरला.

त्यांनी खिशातून पेन काढलं.

"आधी वाचा," मी म्हटलं.

"वाचूचा कित्याक?" परब म्हणाले. "तुमी लिवलंत ना." आणि त्यांनी सही केली.